गंजावर गंजाचा पहारा

बंदुकीच्या नळीवरचा तो निळसर काळा, मऊ झाक असलेला थर कधी जवळून पाहिलाय? पाहणाऱ्याला वाटतं, कारखान्यात रंग दिला असेल. पण नखाने खरवडा, पोपडा निघत नाही. भिंग लावा, ब्रशाची रेघ दिसत नाही. दिसणार कशी? वरून काही लावलेलंच नाही. नळीचं लोखंडच अगदी वरच्या थरापुरतं बदललं आहे. आणि बदलून त्याचं झालंय काय? गंज! बंदुकीला गंजापासून सांभाळणारा तो देखणा थर म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचंच संयुग. तांबडा गंज ज्या दोन मूलद्रव्यांपासून होतो, तीच दोन इथेही आहेत. मांडणी तेवढी निराळी.

हे नवल समजून घ्यायचं तर दिवेआगरला जावं. श्रीवर्धन तालुक्यातलं हे गाव, चार-एक किलोमीटर लांबीचा किनारा, किनाऱ्याला सुरूचं बन आणि बनामागे नारळी-सुपारीच्या वाड्या. कोकणात वानर-माकडं आणि रानडुकरं शेती-बागायतीचा फडशा पाडतात, म्हणून शेतकऱ्याला शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो. कुणाकडे काडतुसाची असते, कुणाकडे आजोबांपासून चालत आलेली ठासणीची. आणि ती बंदूक राहते कुठे? समुद्राची गाज ऐकू येईल अशा घरात. त्याच घरात कोयता तांबडा होतो, दाराची बिजागरी दोन पावसाळ्यांत कुरकुरायला लागते, खिडकीच्या गजांचे पापुद्रे सुटतात. मग इथे बंदूक कशी टिकते?

आधी शत्रू ओळखू. पाऊस, असं उत्तर कुणीही देईल. रायगडच्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा संशय तिकडेच जाणार. पण १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या संशोधकाने एक साधा प्रयोग केला. लोखंडाचे घासून चकचकीत केलेले तुकडे त्याने खोलीत टांगले. काही उघडे ठेवले, काहींभोवती मलमलीचा पिंजरा केला. मलमलीतून हवा आत जाते, हवेतली वाफही जाते. तरीही उघडे तुकडे गंजले आणि पिंजऱ्यातले चकचकीत राहिले! मलमलीने अडवलं होतं ते फक्त हवेतले बारीक कण. व्हर्ननने पुढे आणखी एक गोष्ट दाखवली: हवा स्वच्छ असेल तर आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या वर जाईपर्यंत लोखंड जवळपास शांत बसतं. म्हणजे नुसती ओल पुरत नाही. तिला साथीला एक कण लागतो.

दिवेआगरच्या हवेत तो कण कोणता, हे ओठांवरून जीभ फिरवली की कळतं.

हे मीठ हवेत चढतं कसं? पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ तर खालीच राहतं. ते उडतं बुडबुड्यांमुळे. लाट फुटली की लाखो बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना त्याचा पडदा चिंधड्या होऊन उडतो, आणि उरलेल्या खळग्यातून पाण्याची एक बारीक चिळकांडी वर जाते. त्या थेंबांतलं पाणी वाटेतच आटतं आणि डोळ्यांना न दिसणारे खारे कण वाऱ्यावर स्वार होऊन सुरूच्या बनातून वाडीत, वाडीतून ओटीवर आणि ओटीवरून भिंतीवरच्या बंदुकीवर येऊन बसतात.

आता खरी गंमत. समुद्राचं मीठ हे जेवणातल्या मिठासारखं एकजिनसी नसतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की स्वतःहून विरघळतं. मॅग्नेशियम क्लोराइडला तेहतीस टक्के पुरतात. समुद्रकाठी हवा इतकी कोरडी किती वेळा होते? मे महिन्यातल्या भर दुपारीसुद्धा क्वचितच. म्हणजे दिवेआगरात नळीवर पडलेला खारा कण बारा महिने ओला असतो. बोट फिरवलंत तर नळी कोरडी लागेल; पण त्या कणाभोवती खाऱ्या पाण्याचा एक अदृश्य थेंब कायम जिवंत असतो.

त्या थेंबात काय चालतं? केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी ते रंगांत दाखवलं. त्यांनी लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला, पण त्यात असं रसायन मिसळलं की लोखंड विरघळत असेल तिथे निळा रंग यावा आणि ऑक्सिजन वापरला जात असेल तिथे गुलाबी. तुम्ही पैज कशावर लावाल? थेंबाच्या कडेला पाणी सर्वांत उथळ, हवा सर्वांत जवळ. तेव्हा लोखंड कडेलाच झिजत असणार ना? उलटं झालं. कडेला गुलाबी उमटला आणि निळा उमटला थेंबाच्या मधोमध, जिथे हवा सर्वांत कमी! लोखंड मध्यभागी विरघळतं, त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन धातूतून धावत कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन त्यांना गाठतो. विद्युतप्रवाह वाहतो, खराखुरा. बंदुकीवरचा प्रत्येक खारा थेंब ही एक चालू बॅटरी आहे आणि तिचं इंधन आहे तुमची नळी. मधल्या पट्ट्यात दोन्हीकडचे घटक भेटतात आणि तिथे तांबडं कडं साचतं. म्हणूनच गंजाचं कडं पुसलं की खड्डा त्याच्या खाली नाही, मधोमध सापडतो. डाग एका जागी, झीज दुसऱ्या.

मीठ या व्यवहारात खर्च होत नाही. काम झालं की पुढच्या कामाला मोकळं. समुद्रकाठच्या गंजात तर अकागानेइट नावाचं एक खनिज तयार होतं. जपानमधल्या अकागाने खाणीवरून त्याला हे नाव मिळालं. याच्या स्फटिकात सूक्ष्म बोगदे असतात आणि त्या बोगद्यांत मिठातलं क्लोराइड दडून बसतं. वरून पुसा, तेल लावा, आतला साठा शाबूत! मुरूडसमोरच्या जंजिऱ्यावर गेलात तर सगळे कलालबांगडी या नावाजलेल्या तोफेपाशी फोटो काढत असतात. जरा पलीकडे जाऊन बुरुजांवरच्या बाकीच्या लोखंडी तोफांवर हात ठेवा. त्यांच्या गंजात असाच खारा साठा मुरलेला असतो. तोफ जाडजूड, तिचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर थर गेला तर तिला फरक पडत नाही. पण अशा तोफेवरचा गंज नुसता खरवडून वर रंग फासला तर मीठ आत कोंडलं जातं आणि रंगाखाली झीज चालूच राहते. समुद्रातून काढलेल्या लोखंडी वस्तू संग्रहालयांत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं बुडवून ठेवतात, ते हे क्लोराइड थेंबाथेंबाने बाहेर काढण्यासाठी. किल्ल्यांवरच्या तोफांना हौसेने ऑइलपेंट लावला जातो, तेव्हा माझ्या जिवाची तगमग होते ती याचमुळे.

तोफेला मिलिमीटर परवडतो. बंदुकीच्या निळाईची सगळी जाडी मात्र मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढीच. केसाची जाडी याच्या पन्नास-साठ पट असते. इतक्या पातळ थराच्या जिवावर समुद्राशी सामना!

हा थर आहे मॅग्नेटाइटचा. मॅग्नेटाइट ओळखीचं आहे तुमच्या. कोकणातल्या कित्येक किनाऱ्यांवर लाट ओसरली की वाळूत काळ्या रेघा उरतात. त्या रेघांतून लोहचुंबक फिरवा, त्याला काळी दाढी फुटते. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून नद्या-ओढ्यांनी आणलेलं, थोडं टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट असतं ते. आता विचार करा. ही लोखंडाची संयुगं खाऱ्या पाण्यात किती हजार वर्षं लोळताहेत, रोज दोनदा भरतीचा मारा खाताहेत, आणि तरी काळीच्या काळी! तांबडी का होत नाहीत? कारण त्यांतल्या लोखंडाने ऑक्सिजनला जे द्यायचं ते बहुतांशी आधीच देऊन टाकलं आहे, तेही घट्ट, एकमेकांत बसलेल्या रचनेत. तांबड्या गंजात पाणी शिरलेलं असतं. तो फुगतो, भुसभुशीत होतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. मॅग्नेटाइट जागा धरून बसतं.

मग बंदूक बनवणाऱ्यांनी केलं काय? लोखंडाला त्यांनी मुद्दाम गंजवलं, आणि गंज अर्ध्या वाटेत वळवला.

जुनी रीत ऐका. नळी आधी इतकी स्वच्छ करायची की तेलाचा मागमूस उरता कामा नये. मग तीवर आम्ल आणि क्षार यांचं सौम्य द्रावण फिरवायचं आणि नळी दमट पेटीत टांगून द्यायची. काही तासांत तिच्यावर एकसारखी तांबडी साय धरते. पाहणाऱ्याला वाटावं, गेली कामातून! त्यानंतर नळी उकळत्या पाण्यात बुडवायची. आणि डोळ्यांदेखत, पाच-दहा मिनिटांत, तांबडं काळं होतं. उकळत्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास उरत नाही, उष्णता भरपूर; तिथे तांबडा गंज खालच्या लोखंडाशी जुळवून घेतो आणि मॅग्नेटाइट बनतो. वरची सैल काजळी बारीक तारेच्या ब्रशाने झाडली की खाली राखाडी छटा उरते. पुन्हा द्रावण, पुन्हा दमट पेटी, पुन्हा उकळी. पाच-सहा किंवा त्याहून अधिक फेऱ्यांनंतर ती खोल निळी-काळी झाक येते. नुसतं गंजवून, न उकळता घासलं तर तपकिरी थर मिळतो. जुन्या ठासणीच्या बंदुकांवर तो पुष्कळदा दिसतो. आजचे कारखाने कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश तापलेल्या द्रावणात तेच काम अर्ध्या तासात उरकतात. हाताने केलेल्या कामाची झाक वेगळीच, असं या कामातले जाणते मानतात, आणि दोन्ही नळ्या शेजारी ठेवून पाहिल्यावर ते पटतं.

मला थक्क करतं ते हे की ही रीत बसवणाऱ्या कारागिरांना इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त एवढं हेरलं की लोखंडाचा एक शत्रू दुसऱ्या शत्रूला आत येऊ देत नाही.

पूर्णपणे मात्र नाही. या थराला सूक्ष्म छिद्रं असतात. आणि इथे मॅग्नेटाइटचा एक अवगुण पुढे येतो: त्यातून वीज वाहते. छिद्रातून खारं पाणी आत शिरलं की भोवतालचा सगळा काळा थर थेंबाच्या कडेचं काम करू लागतो आणि छिद्राच्या तळचं इवलंसं लोखंड एकट्याने सगळा भार सोसतं. तिथे झीज जोरात होते. म्हणून दिवेआगरसारख्या ठिकाणी कोरडी निळाई म्हणजे अर्धवट संरक्षण. तिची खरी करामत अशी की त्याच छिद्रांत ती तेल धरून ठेवते. गुळगुळीत उघड्या पोलादावरून तेल ओघळतं, या थरावर ते मुरतं. सैनिकी शस्त्रांवर दिसणारा राखाडी फॉस्फेटचा थर तर मुद्दाम सच्छिद्र केलेला असतो, भरपूर तेल प्यावं म्हणून.

तेल नुसतं पाणी झटकतं का? गंजरोधक तेलात असे रेणू मिसळलेले असतात की ज्यांचं एक टोक धातूला धरतं आणि दुसरं तेलाकडे राहतं. चिखलात भाताची रोपं लावावीत तसे ते धातूवर शेजारी शेजारी उभे राहतात, मुळं आत, शेंडे वर. या दाट लावणीतून मिठाच्या पाण्याला जमीन सापडत नाही. मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन हे या कामी फार जुनं आणि फार चांगलं. धनगराच्या मेंढीला पावसात कोरडं ठेवणारा पदार्थ पोलादालाही कोरडं ठेवतो! दिवेआगरात मात्र हाताशी असतं खोबरेल. रोज वापरातल्या कोयत्याला ते ठीक. बंदुकीला नको. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, जुनं झालं की त्यातली आम्लं मोकळी होतात, आणि घोडा-चापाच्या बारीक जोडांत ते चिकट होऊन बसतं.

आणि तेल लावल्यावर हात कुठे लागतो, इकडे लक्ष हवं. घामात मीठ असतं. उन्हातून आलेल्या माणसाने नळी नुसती हाताळून ठेवली तर काही दिवसांनी त्याच्या अंगठ्याचा ठसा, रेषान् रेष, पोलादात उमटलेला सापडू शकतो. शेवटचा हात फडक्याचाच असावा.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट याहून अजब आहे. तिला गंजापासून वाचवायचं तर आधी तिच्यात पाणी ओतावं लागतं! काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा. बार उडाला की या दारूचा निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन जात नाही, घन राख होऊन मागे राहतो, आणि तीत असतात पोटॅशियमचे क्षार. त्यांतलं पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी अधाशासारखं ओढतं. दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या जुन्या प्रकारच्या स्फोटक मिश्रणातून पोटॅशियम क्लोराइड बाहेर पडतं, आणि ते जवळजवळ मिठाचं भावंडच. शिकारी वर्षानुवर्षं नळीत तेल ओतत राहिले आणि नळ्या गंजत राहिल्या. का? क्षार तेलात विरघळत नाही. तेलाखाली तो सुखाने आपलं काम करतो. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या खाण खात्यातल्या संशोधनाने हा गुन्हेगार पकडून दिला. उपाय साधा: उकळतं पाणी. ते क्षार विरघळवून नेतं, आणि जाता जाता नळी इतकी तापवतं की ती आपोआप सुकते. ब्रिटिश सैन्यात .३०३ रायफलीच्या नळीत उकळतं पाणी ओतायला खास नरसाळं असे.

तेव्हा नळी रिकामी आहे याची आधी खात्री करून, टोपी बसते ते निपल काढून, गरम पाण्याने धुवायची. लाकडी दस्त्याला आणि घोड्याच्या यंत्रणेला पाणी लागू द्यायचं नाही. कोरडं फडकं पांढरं निघेपर्यंत फिरवायचं आणि मग तेल. फौजेतून आलेल्या कुणाही माणसाला विचारा, तो ‘फुलथ्रू’ आणि ‘चिंदी’ हे दोन शब्द झोपेतही सांगेल: नळीतून ओढायची दोरी आणि तिच्या टोकाचा कापडाचा तुकडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा चिंदी फिरवतात, कारण राहिलेला क्षार रात्रीत डोकं वर काढतो.

ठेवायचं कसं, यातही असंच उलटं आहे. चामड्याची म्यान-पिशवी शोभते खरी, पण कमावलेल्या चामड्यात आम्लं आणि क्षार उरलेले असतात आणि ते ओल धरतं. तिच्यात बंदूक महिनोन् महिने ठेवणं म्हणजे तिला ओल्या मिठात गुंडाळणं. व्हर्ननच्या मलमलीचा धडा घ्यावा: कोरडं, सैल सुती आवरण, हवा खेळती. याहून सुंदर युक्ती १९४०च्या दशकात निघाली. एक विशिष्ट नायट्राइट संयुग कागदावर चोपडतात. ते हळूहळू वाफ होऊन उडतं आणि बंद पेटीतल्या धातूच्या कानाकोपऱ्यावर, अगदी नळीच्या आतही, रेणूंचा अदृश्य थर चढवतं. जिथे हात पोचत नाही तिथे वास पोचतो! निवडणुकीच्या दिवसांत परवान्याच्या बंदुका बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा होतात आणि पुसायला मालक जवळ नसतो. जमा करण्याआधी तेलाचा हात दिलेला असला की त्या महिन्या-दोन महिन्यांत फार फरक पडतो.

आपल्याकडे शस्त्रं काढून, घासून, पुजायचा दिवस खंडेनवमीचा. पंचांगात तो येतो कधी? पाऊस सरत असताना. चार महिन्यांची ओल पोलादावर बसलेली असते आणि नेमका तेव्हा फडकं हातात घ्यायचा रिवाज. हा मुहूर्त धातूच्याही हिताचा आहे.

आता शेवटचं नवल, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पण आधी तांबं पाहू. त्याचा गंज मुळातच शहाणा. दिवेआगरलाच मराठीतल्या सर्वांत जुन्या सालबद्ध लेखांपैकी एक असलेला शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा ताम्रपट सापडला. १९९७ साली सोन्याचा गणेशमुखवटा मिळाला तोही तांब्याच्या पेटीत. याच खाऱ्या भूमीत लोखंडाची पेटी असती तर इतक्या काळात तिचा तांबडा भुगा झाला असता. लोखंडाला तांब्याचा हा गुण देता येईल का? १९१२ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांच्याकडे एका शस्त्र कारखान्याचं काम आलं: रायफलीच्या नळ्या आतून तप्त वायूने झिजतात, टिकाऊ पोलाद हवं. त्यांनी क्रोमियम वाढवत नेलं. १९१३च्या ऑगस्टमध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं, आणि त्याचे नमुने आम्लाला दाद देईनात. त्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा, म्हणजे पुन्हा एका गंजाचाच, दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा थर असतो. ओरखडा पडला तर तो हवेतला ऑक्सिजन घेऊन क्षणात स्वतःला सांधतो. बंदुकीसाठी सुरू झालेल्या शोधातून सुऱ्या-काट्यांचं आणि पुढे आपल्या ताटवाट्यांचं स्टेनलेस स्टील आलं! बंदुकीकडेही क्रोमियम परतलं. १९६०च्या दशकात व्हिएतनामच्या दमट हवेत अमेरिकी एम-१६ रायफली ऐन लढाईत अडकू लागल्या. त्याचं एक कारण होतं काडतूस बसतं त्या जागी गंजाने पडणारे खड्डे. पुढे त्या जागेला क्रोमचा मुलामा आला.

आणि तरीही दिवेआगरचं मीठ हार मानत नाही. किनाऱ्यालगतच्या एखाद्या घराचं नवं स्टीलचं रेलिंग नीट पाहा: चहाचे शिंतोडे उडावेत तसे तपकिरी ठिपके दिसतील. क्लोराइडने तो नॅनोमीटरचा थर जागोजागी भेदलेला असतो. यावर उपाय आहे तो पोलादात दोन-अडीच टक्के मॉलिब्डेनम मिसळण्याचा, ज्याला बाजारात ३१६ म्हणतात. घर किनाऱ्याला असेल तर रेलिंग घेताना दुकानदाराला हा आकडा सांगा, आणि पावसाळा सरला की ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा. आठ महिने पाऊस नसताना त्यावर बसणारं मीठ धुवायला दुसरं कुणी येत नाही.